दोघींचा लखीराम

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आलेली नमरा परत जायच्या सकाळी टीव्हीसमोर मांडी घालून बसली आणि गेमच्या काळ्या डबीत बराच वेळ काहीतरी भरत राहिली. निघताना तिने आजीच्या गळ्यात हात टाकले.

"दादी, त्या भूतवाल्या गेमचा दुसरा भाग आला ना, तो टाकून ठेवलाय. गोमतीनानीला सांग. दोघी मिळून खेळा."

"खेळतो ना," फरहत म्हणाली आणि दोन्ही हात ओढणीखाली घेतले. हात थरथरताना नातीने पाहू नये असं तिला वाटे.

फरहत आणि गोमतीबाई, दोघीही सरकारी दवाखान्यातल्या नर्स. तरुणपणी धनजकडच्या एका छोट्या उपकेंद्रात अकरा वर्षं एकत्र होत्या. मग बदल्यांनी दोन दिशांना गेल्या आणि निवृत्त होऊन पुन्हा मंगरूळपीरला एका गावात आल्या. फरहतचं घर दर्ग्यामागच्या गल्लीत. गोमतीबाई बसस्टँडजवळ मुलगा रविकांत आणि सून निता यांच्याकडे.

पहिला भाग त्यांनी तीन वर्षांपूर्वी खेळला होता. नमराला नवं यंत्र मिळालं, तेव्हा जुनं इथे राहिलं आणि तिनेच दोघींना शिकवलं. गेमचं इंग्रजी नाव दोघींच्याही तोंडी कधी बसलं नाही. त्यात एक बुटका, गुबगुबीत माणूस होता. खाकी कोट, मोठ्या मिशा, आणि गुडघे सदा लटलटणारे. हातात पितळी घंटी, खांद्यावर ठिगळांची पिशवी. भुताजवळ घंटी वाजवली की भूत तीनदा शिंकायचं, तिसऱ्या शिंकेला कापसासारखं हलकं व्हायचं, की घाल पिशवीत. भुतंही भिववणारी नव्हती. एक भूत माणूस बसायला गेला की खुर्ची ओढायचं, एक स्वतःच्याच सावलीला सलाम करायचं. त्या माणसाला पाहताच गोमतीबाई म्हणाली होती, "माय वं, हा तं आपला लखीराम!" उपकेंद्रातल्या लखीराम नावाच्या शिपायाच्या मिशा तशाच होत्या, आणि तोही दिवस मावळला की सोबत असल्याशिवाय विहिरीवर जात नसे. तेव्हापासून गेममधला माणूसही लखीरामच झाला. चार महिन्यांत दोघींनी एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनातली एकूण एक भुतं पकडली होती.

पण मधल्या तीन वर्षांत फरहतच्या हातांत कंप शिरला होता. आणि गोमतीबाईच्या डोळ्यांचे पडदे बिघडले होते. ज्याच्याकडे पाहावं तेच पुसलं जाई. कडेचं दिसे, मधलं नाही. माणूस समोर बसला की त्याचे कान दिसत, तोंड दिसत नसे.

दिवाळी होऊन आठ दिवसांनी, मंगळवारी दुपारी, निताने सासूला स्कूटीवरून फरहतच्या दारात सोडलं आणि ती तहसील कचेरीत निघून गेली. पाठीमागून फरहतने दार लोटलं, टीव्ही लावला आणि रिमोट हातात घेतला. त्या यंत्राच्या दोन दांड्यांच्या खेळण्याला दोघी रिमोटच म्हणत. तिचा अंगठा थरथरला आणि पडद्यावरचा लखीराम भोवऱ्यासारखा फिरत जाऊन भिंतीवर आदळला. पुन्हा केलं. पुन्हा आदळला.

"दे मले," गोमतीबाई म्हणाली. तिने रिमोट घेतला, मान इकडून वळवली, तिकडून वळवली. "त्याची पिशवी दिसते. तो नाई दिसत."

पडद्यावर लखीराम कंटाळून जांभया देत होता. त्याच्या जांभईचा आवाज ऐकून गोमतीबाई हसायला लागली.

"फरहत, असं कर. रिमोट माह्याजवळ राहू दे. डोये तुहे, हात माहे. तू सांग, मी करते. बाळंतपणात करत होतो तसं."

आणि ते जमलं. पहिल्या दिवशी थोडं अडखळत, शुक्रवारपर्यंत छान. "चार पावलं पुढे. थांब. उजव्या हाताले वळ. अजून. बस. घंटी!" चौतीस वर्षं लहान लेकरांच्या दंडात सुई घातलेले गोमतीबाईचे हात. सांगितलं तिथे थांबायचे, सांगितलं तेवढंच हलायचे. लखीराम पहिल्या भागापेक्षाही नीट चालू लागला.

दुसऱ्या भागात एकाऐवजी पाच घरं होती. पिठाची गिरणी, नाटकाचं थिएटर, जुना हमामखाना, मग घड्याळवाल्याचं घर, आणि शेवटचं एक, ज्याच्यावर अजून कुलूप होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते अस्रच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, अजानपर्यंत त्या खेळत. खिडकीला हिरवा पडदा होता. हिवाळ्याचं ऊन त्यातून गाळून आलं की सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसे. गल्लीत पिंजाऱ्याची धनुकली वाजायची, गच्चीवर वाळत घातलेल्या तुरीचा वास यायचा. त्या उजेडात फरहतचा आवाज संथपणे चालायचा. पिठात लोळलेलं भूत कसं पांढऱ्यावर पांढरं दिसतं, थिएटरातलं भूत स्वतःच टाळ्या वाजवून स्वतःच कसं लाजतं, हे ती सांगायची. गोमतीबाई डोळे मिटूनच खेळायची. मिटलेल्या डोळ्यांना मधला डाग दिसत नसे.

एकदा तिने निताला घरी जाताना सांगितलं, "मले तिथं सगळं साफ दिसते वं."

"कुठं, आई?"

"हमामखान्यात."

दिवसभर कचेरीत लोकांचे अर्ज घेऊन तिचं डोकं भणभणलेलं असे. दोन म्हाताऱ्या नर्सांनी भुतं पकडत बसणं तिला पोरखेळ वाटे, पण सासू मंगळवारची आणि शुक्रवारची वाट पाहते हे तिला दिसत होतं.

डिसेंबर संपता संपता लखीराम घड्याळवाल्याच्या घरात शिरला. तिथे भिंतभर घड्याळं होती, सगळी टिकटिक करणारी. पहिल्या खोलीत सोपं गेलं. दुसऱ्या खोलीत पाऊल टाकलं आणि दिवा विझला. पडद्यावर काळोख. लखीरामच्या कोटाची बटणं तेवढी चमकत होती.

"काय दिसते?" गोमतीबाईने विचारलं.

"अंधार."

"मंग?"

"पाह्यतो ना. पुढे चाल. घंटी. नाई. मागं ये. घंटी." भूत शिंकलं नाही. दारही उघडलं नाही. तो मंगळवार गेला. शुक्रवारही गेला. पुढच्या मंगळवारी अर्ध्या तासाने गोमतीबाईने रिमोट मांडीवर ठेवला. "जमत नाई आता आपल्याले. झालं आपलं," ती म्हणाली. आवाज थकलेला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या वेळी जे सांगितलं ते ऐकून आली होती, तेव्हा तिचा आवाज असाच होता.

फरहत तिच्याकडे पाहत राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "थांब, थांब! दार उघडलं!"

"उघडलं?"

"हो ना. उचल रिमोट. समोर लांब व्हरांडा हाये."

असं ते सुरू झालं. एकदा व्हरांडा सांगितला, तर व्हरांड्याला दारं पाहिजेत, दारांमागे खोल्या पाहिजेत. फरहतने त्या दिल्या. फरहत सांगेल तशी गोमतीबाई बटणं दाबत होती. खऱ्या पडद्यावर लखीराम त्याच काळ्या खोलीत भिंतीला धडका देत होता. टीव्हीचा आवाज फरहतने बारीक केला, म्हणजे धडका ऐकू येणार नाहीत. टिकटिक तेवढी चालू राहिली.

फरहतला वाटलं होतं, आज एक दिवस. शुक्रवारी नमराला फोन करून विचारू, खरी वाट सापडेल. पण शुक्रवारी गोमतीबाई दारातूनच म्हणाली, "चाल लवकर, त्या व्हरांड्याच्या टोकाले काय हाये ते पाहू." तिचा चेहरा उजळला होता. फरहतने फोन केला नाही.

व्हरांड्याच्या टोकाला पिवळ्या भिंतींची खोली निघाली. तिच्यात लोखंडी टेबल, टेबलावर उकळत्या पाण्याचं भांडं, आणि भांड्यातून डोकं वर काढणारं भूत. "आंघोळ करून राह्यलं," फरहतने सांगितलं. गोमतीबाईने हसत घंटी वाजवली. पुढच्या खोलीत लसीचा फ्रिज होता. त्यात एक भूत थंडीने कुडकुडत बसलं होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं, कारण बाहेर ऊन होतं. मग एक साहेब-भूत होतं, खुर्चीत झोपलेलं. शिंकलं तरी जागं झालं नाही, झोपेतच पिशवीत गेलं. मागच्या अंगणात लिंबाचं झाड, झाडाला टेकवलेली सायकल, आणि सायकल चालवायला बघणारं एक पाय नसलेलं भूत. फरहतला स्वतःलाच कळत नव्हतं की हे सगळं कुठून येतं. ती पडद्याकडे पाहायचीही नाही. हिरव्या उजेडाकडे पाहत सांगायची, आणि ते घर तिच्यापुढे उलगडत जायचं. भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, खिडकीतून दिसणारं कापसाच्या पऱ्हाटीचं शेत. तिचे हात मांडीवर पडलेले असत. त्या दोन तासांत ते कमी थरथरत.

जानेवारीतल्या एका मंगळवारी फरहतने पुढची खोली उघडली.

"बाकडं हाये. हिरवं. त्याच्यावर एक बाई बसेल हाये. ओढणीले आरशे लावेल हायेत. पाय हालवून राह्यली, लेकरावानी..."

ती थांबली. हे तिने ठरवलं नव्हतं. ती बाई आपोआप येऊन बसली होती.

गोमतीबाईचा अंगठा घंटीच्या बटणावर होता. तिने तो उचलला.

"किती वर्षांची असन?"

"वीस. बावीस."

"हनवटीवर गोंदेल हाये?"

"हाये."

गोमतीबाईने रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरला.

"हिले नको पकडू," गोमतीबाई म्हणाली.

"नाई पकडत."

ती कमलीबाई होती. जवळच्या तांड्यावरची, पहिलटकरीण. तीस वर्षांपूर्वीच्या एका ऑगस्टात तिला खाटेवर घालून उपकेंद्रात आणलं होतं. मुलगी झाली, रडली, चांगली होती. पण कमलीबाईचं रक्त थांबलं नाही. दोन्ही बाजूंचे नाले भरून वाहत होते, गाडी जाऊ शकत नव्हती. गोमतीबाई एकटी होती. फरहत त्या आठवड्यात भावाच्या लग्नाला माहेरी गेलेली. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा कमलीबाई गेली होती. या गोष्टीबद्दल दोघी तीस वर्षांत एकदाही बोलल्या नव्हत्या.

"तिले विचार," गोमतीबाई डोळे मिटूनच म्हणाली, "मी काही चुकली का?"

"ती काही बोलत नाई, गोमती. तुह्याकडे पाहून राह्यली. आता उठली. ओढणी सावरली. दारातून उन्हात गेली."

"रडत होती?"

"नाई."

अजान झाली. फरहत नमाजासाठी वजू करायला उठली. परत आली तेव्हा गोमतीबाई तशीच बसली होती, रिमोट दोन्ही हातांत धरून.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी निता एक तास लवकर आली. दार नुसतं लोटलेलं होतं. ती आत येऊन उभी राहिली तेव्हा फरहत सांगत होती, "आता कपाटाच्या मागं पाह्य, तिथं गोळ्यांचे डबे वाजून राह्यले..."

निता थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग साधेपणाने म्हणाली, "मावशी, पण इथं तं नुसता अंधार हाये. तो माणूस भिंतीले टकरा देऊन राह्यला."

फरहतचा चेहरा पांढरा पडला. गोमतीबाई रिमोट बाजूला ठेवून उठली, चाचपडत चप्पल शोधली. "चाल, निता," एवढंच म्हणाली.

मंगळवारी गोमतीबाई आली नाही. फरहत दोन वाजल्यापासून दाराशी खुर्ची टाकून बसली होती. प्रत्येक स्कूटीच्या आवाजाला ती मान उचले. फोन लावायला दोनदा घेतला, दोन्हीदा बोट भलत्याच नावावर पडलं. दुसऱ्यांदा तर गॅसवाल्याला लागला आणि तिला त्याच्याशी उगाच बोलावं लागलं. रात्री जेवण गेलं नाही. आंधळ्या बाईला फसवलं, हे तीन शब्द तिच्या डोक्यात फिरत होते.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्कूटी दाराशी थांबली. निताने सासूचा हात धरून आत आणून बसवलं आणि ती लगेच गेली.

फरहत समोर उभी राहिली. "गोमती, मले माफ कर."

"कायची माफी?"

"खोटं बोलली ना मी. तीन आठवडे."

"मले मालूम होतं," गोमतीबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून."

"कसं?"

"खोली बदलली तं टिकटिक बदलाले पाहिजे ना वं. व्हरांड्यात तीच, अंगणात तीच, लिंबाच्या झाडाखालीही तीच. आन् घड्याळवाल्याच्या घरात लसीचा फ्रिज कायले असन?"

फरहतला हसू आणि रडू एकदमच आलं. ती खाली बसली. "मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू थांबली असती." गोमतीबाईने हात पुढे केला, फरहतचा गुडघा तिला सापडला. "त्या दिवशी निताच्या समोर तुह्या तोंडावर काय आलं असन ते मले समजलं. तुह्या श्वासावरूनच समजलं. मनलं, हिले एकटी सोडावं. आन् काल मले कमलीचा विचार कराचा होता. दिवसभर तेच केलं."

"मी तिले आणलं नाई, गोमती. ती आली."

"पण मी विचारलं तं तू तिले बोलू काहून नाई देलं? तू सांगू शकत होती, ती मने, तुही काही चूक नाई. मले बरं वाटलं असतं."

"बाकी सगळे भुतं माह्या मनचे होते. त्याह्यच्या तोंडी काहीही घालता येते. कमली खरी बाई होती. तिच्या तोंडात माहे शब्द कसे घालू?"

गोमतीबाईने मान हलवली. पटलं होतं की नाही कळलं नाही. मग फरहत खालच्या आवाजात म्हणाली, "आन् मले तोंडही नव्हतं. तुले अजून वाटते ना, मी नाला भरला म्हणून आली नाई?"

"हो."

"माही सुट्टी आदल्या दिवशीच सरली होती. तेव्हा नाल्याले पाणी नव्हतं. भावाच्या वलीम्याचं जेवण होतं दुसऱ्या दिवशी. अम्मी मने थांब, मी थांबली. आली असती तं त्या दिवशी आपण दोघी असतो."

गल्लीतून कुणीतरी बकऱ्या हाकत गेलं. त्यांच्या खुरांचा आवाज लांब गेला.

"दोघी असतो तरी रक्त थांबलं नसतं," गोमतीबाई म्हणाली. "मी समदं केलं होतं, फरहत. होतं तेवढं समदं. चार हातानंही झालं नसतं." मग थोड्या वेळाने, "पण तू असती तं मी एकटी नसती. तिले पांघरूण घातल्यावर मी तीन घंटे त्या बाकड्यावर बसेल होती. कोणाले काही बोलता नाई आलं."

"मले आता सांग," फरहत म्हणाली.

आणि गोमतीबाईने सांगितलं. ते तीन तास तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितले. तांड्यावरच्या बाया कशा रडल्या, बाळाला कोणी उचललं, स्वतःच्या पातळाला लागलेला रक्ताचा वास किती दिवस गेला नाही. फरहतने मधे एक शब्द टाकला नाही. खिडकीतला हिरवा उजेड भिंतीवरून सरकत टीव्हीपर्यंत आला, चहा गार झाला.

सांगून झाल्यावर गोमतीबाईने पदराने तोंड पुसलं.

"लाव टीव्ही. ती अंधारी खोली तं काढू. आवाज वाढव, आन् तू चूप राह्य."

फरहतने आवाज वाढवला. इतके दिवस तिच्या बोलण्याखाली दबलेली टिकटिक खोलीभर पसरली. शेकडो घड्याळं, हळू, जड, जुन्या घरात असतात तशी. गोमतीबाई मान तिरकी करून ऐकू लागली. फरहतने तिला असं बसलेलं पूर्वी शेकडो वेळा पाहिलं होतं. गरोदर बाईच्या पोटावर नळी टेकवून, डोळे मिटून, फरहतला घड्याळाकडे बोट दाखवत बाळाचे ठोके मोजताना.

"लखीरामले डावीकडे नेते. सांग भिंत आली तं."

"आली."

"आता इकडे... थांब." तिचा चेहरा बदलला. "हे आयक. समदे मिनिटाले साठाचे हायेत. हे एक एकशे चाळीसचं हाये."

"काय?"

"ठोके, फरहत! हे घड्याळ नोहे. कोणीतरी भेलं हाये आन् लपून बसलं हाये. त्याची छाती वाजून राह्यली."

फरहतने कान दिला. नंतर तिलाही ऐकू आलं. जड टिकटिकीच्या मागे, बारीक, धावती टकटक. गोमतीबाईने लखीरामला दोन पावलं पुढे नेलं. टकटक मोठी झाली. उजवीकडे नेलं, बारीक झाली. परत डावीकडे. एका जागी ती थांबली आणि तिने घंटी वाजवली.

अंधारात कुणीतरी शिंकलं.

"अल्ला!" फरहत ओरडली. "पुन्हा वाजव!"

तिसऱ्या शिंकेला सगळे दिवे लागले. भिंतीवरच्या एका मोठ्या घड्याळाच्या पोटात मुठीएवढं भूत बसलं होतं. लखीरामपेक्षाही भित्रं. डोळ्यांवर हात ठेवलेले. लखीरामने पिशवी उघडली तर ते आपणहून आत शिरलं.

"आता काय दिसते? खरं सांगजो."

"खरं सांगते. दार उघडलं. जिना हाये. लाकडाचा. बाकी काही नाई."

"काही नाई?"

"काहीच नाई. एक कोळी हाये कोपऱ्यात."

"चालते," गोमतीबाई म्हणाली आणि लखीराम जिना चढू लागला.

त्या रविवारी नमराचा फोन आला तेव्हा तिला विश्वास बसेना. तिच्या वर्गातल्या मुलांना ती खोली सुटत नव्हती. "दादी, तुम्ही कुठे पाहिलंत उत्तर?" ती विचारत राहिली. "पाह्यलं नाई, बेटा," फरहत म्हणाली, "गोमतीनानीने आयकलं."

शेवटचं घर बर्फातलं होतं. कुलूप उघडलं त्या शुक्रवारी फरहतला बराच वेळ काय सांगावं सुचेना. दोघींपैकी कुणीच कधी बर्फ पाहिला नव्हता. "जिनिंगमधला कापूस उडते तसं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच, "नाई, तसं नाई. कापूस हवेत थांबते. हे खाली येते, पण पडल्याचा आवाज नाई." गोमतीबाईने रिमोट सोडून हाताची ओंजळ केली. थोडा वेळ दोघींनी भुतं शोधलीच नाहीत. लखीराम बर्फात उभा राहिला आणि त्याच्या मिशा पांढऱ्या होत गेल्या.

निता त्या दिवशी नेहमीच्या वेळेला आली. मागच्या वेळची आठवण होऊन ती उंबऱ्याशीच थबकली. "ये ना, बस," फरहत म्हणाली. निता पलंगाच्या कडेला टेकली, हेल्मेट मांडीवर घेऊन. पाच मिनिटं, म्हणाली, मग जाऊ. पडद्यावर निळसर संध्याकाळ होती, टेकडीवर एक घर, धुराडं. फरहत सांगत होती, गोमतीबाई चालवत होती. पाच मिनिटांची पंधरा झाली. कचेरीतल्या दिवसाने आवळलेले निताचे खांदे हळूहळू खाली आले.

"सहा पावलं सरळ," फरहत म्हणाली. "इथं कोणी नाई. आता दाराकडे वळ."

"थांबा, मावशी," निता एकदम पुढे सरकली. "वरच्या खिडकीत कोणीतरी हाये. पडदा हालला."

"कुठं? मले नाई दिसलं."

"हाये, हाये! टोपीवालं हाये. आई, मागं घ्या, मागं घ्या त्याले!"

गोमतीबाईने लखीरामला जागच्या जागी थांबवलं आणि सुनेच्या आवाजाकडे कान केला.

"ओरडू नको. नीट सांग," ती म्हणाली. "कोणत्या हाताले, आन् किती पावलं?"